प्रतिध्वनीचे प्रामाण्य

डोळा, कान आणि त्वचा यांना जे थेट कळत नाही ते एखाद्या यंत्राने कळवले, तर त्या कळण्याला यथार्थ ज्ञान म्हणावे काय, आणि म्हणावे तर त्याचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, येतो कोठून, हा प्रमाणशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. प्रमाणशास्त्र म्हणजे ज्ञानाच्या साधनांची छाननी करणारे शास्त्र. न्याय, मीमांसा आणि बौद्ध या परंपरांनी ते परस्परांच्या आक्षेपांना उत्तरे देत शतकानुशतके घडवले, आणि त्या वादांतील पुष्कळसा भाग आजही जिवंत आहे. यंत्रजन्य ज्ञानाची चर्चा निघाली की दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांचीच उदाहरणे दिली जातात. परंतु ही यंत्रे जुळवूनच हाती येतात, वापरणाऱ्याला त्यांच्या जुळणीत फारसे काही करावे लागत नाही, आणि त्यामुळे प्रामाण्य जेथे घडते ती जागाच त्याच्या नजरेआड राहते. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या फिश फाइंडर या यंत्राची स्थिती वेगळी आहे. त्याचा ध्वनी पाठवणारा आणि परतलेला ध्वनी झेलणारा भाग, म्हणजे ट्रान्सड्यूसर, नावेला बसवण्याचे काम नावेचा मालक पुष्कळदा स्वतःच करतो, आणि तो भाग कोठे, किती खोल व कोणत्या कोनात बसला यावर पडद्यावरचे चित्र विश्वासार्ह की फसवे हे ठरते. ॲल्युमिनियमच्या नावेवर हे काम अधिक नाजूक असते, म्हणून तेच उदाहरण येथे विचारासाठी घेतले आहे.

अशा नावांचा खरा मुलूख म्हणजे अमेरिकेतील तलावांचा प्रदेश. एकट्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठे 11,842 तलाव मोजले गेले आहेत, आणि त्याच राज्यातील न्यू यॉर्क मिल्स या छोट्या गावात लुंड ही कंपनी 1948 पासून नावा बांधत आली आहे. ॲल्युमिनियमची नाव हलकी असते, ट्रेलरवर चढवून मोटारीमागे ओढून नेता येते, आणि खडकाळ काठाला घासली तरी सहसा फुटत नाही. तेथील मासेमाराला हवा असलेला वॉलआय हा मासा प्रखर उजेड टाळून बराच काळ तळालगत राहतो, तेव्हा वरून डोळ्यांनी त्याचा माग लागणे कठीण. या गरजेतून 1950 च्या दशकाच्या अखेरीस लॉरन्स कंपनीचे लहान, बॅटरीवर चालणारे यंत्र हौशी मासेमारांच्या हाती आले. त्यात चित्र नव्हते, फिरत्या तबकडीवर खोलीच्या आकड्यापाशी एक दिवा लुकलुकत असे.

यंत्रामागचे तत्त्व त्याहून जुने आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवले. उलट अशा स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो आकुंचन-प्रसरण पावतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी हाच गुण वापरून पाण्यात ध्वनी सोडण्याचे व परत ऐकण्याचे साधन तयार केले. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी 1935 मध्ये कॉड माशांच्या थव्याचे प्रतिध्वनी प्रसिद्ध केले, आणि 1948 मध्ये जपानच्या नागासाकी परगण्यात फुरुनो बंधूंनी मासेमारीसाठी व्यवहारात चालणारे यंत्र सिद्ध केले. आजच्या साध्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर सेकंदाला दोन लाख कंपनांचा ध्वनी खाली सोडतो. पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1,480 मीटर वेगाने जातो, त्यामुळे दहा मीटर खोल तळावर आपटून परत यायला त्याला साडेतेरा सहस्रांश सेकंद पुरतात. यंत्र प्रत्यक्षात मोजते ते एवढेच: ध्वनी सुटला कधी, परत आला कधी, आणि परत आला तो किती जोराचा होता.

या तीन मापांतून मासा कसा होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन वीस अंशांचा असेल तर दहा मीटर खोलीवर त्याचे वर्तुळ साडेतीन मीटर रुंद होते. नाव पुढे सरकत असताना एखादा मासा प्रथम शंकूच्या कडेशी येतो, मग मध्यावर येतो आणि मग दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. कडेशी असताना त्याचे ट्रान्सड्यूसरपासूनचे तिरपे अंतर मध्यावरच्या अंतराहून जेमतेम 15 सेंटिमीटरने जास्त असते, आणि एवढ्याच फरकामुळे पडद्यावर त्याची खूण खालून वर चढते व पुन्हा खाली उतरते. मासेमार ज्या कमानीला मासा म्हणतात ती हीच. या कमानीची लांबी माशाची लांबी नव्हे, कारण पडद्याचा आडवा अक्ष स्थळ दाखवत नसून काळ दाखवतो. नांगरलेल्या नावेखाली एखादा बोटभर मासा स्वस्थ थांबला तर तो पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब रेघ काढतो. कमान म्हणजे एका भेटीचा इतिहास आहे, आणि तिला माशाची आकृती समजणे ही यंत्राची चूक नसून वाचणाऱ्याची चूक आहे.

असे ज्ञान प्रत्यक्ष म्हणावे की अनुमान? प्रत्यक्ष म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या संबंधातून होणारे ज्ञान, आणि अनुमान म्हणजे एका खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे होणारे ज्ञान. येथे नैयायिकांचे एक मत आठवते. डोळा विषयापर्यंत जाऊन पोचतो, त्यातून तेजाचा किरण बाहेर पडून वस्तूला भिडतो, असे ते मानीत आणि अशा इंद्रियाला प्राप्यकारी म्हणत. बौद्धांनी डोळ्याच्या बाबतीत हे नाकारले, आणि प्रकाशशास्त्राने डोळ्यापुरता बौद्धांच्या बाजूने निकाल दिला. पण ट्रान्सड्यूसर अक्षरशः प्राप्यकारी आहे: त्यातून काहीतरी बाहेर जाते, वस्तूला लागते आणि परत येते. एवढ्यावरून तो मासेमाराचे नवे इंद्रिय ठरतो, आणि पडद्यावरचे ज्ञान प्रत्यक्ष ठरते, असे मात्र म्हणता येत नाही. ध्वनी माशाला लागतो हे खरे असले तरी मासेमाराचा संबंध घडतो तो उजळलेल्या ठिपक्यांशी, आणि ठिपक्यांवरून मासा हे पाऊल त्याला मनाने टाकावे लागते. हे पाऊल सरावाने इतके झटपट पडते की पडल्याचे जाणवतही नाही, तरी ते अनुमानच राहते.

अनुमानाचा कणा म्हणजे व्याप्ती, म्हणजे खूण आणि खुणेने कळणारी वस्तू यांचे अव्यभिचारी साहचर्य. जेथे धूर तेथे अग्नी, हे तिचे नेहमीचे उदाहरण. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठशाळांतून आजही शिकवल्या जाणाऱ्या लहानशा ग्रंथात हेही स्पष्ट केले आहे की ही व्याप्ती उलटवता येत नाही: जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणावे तर तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो, कारण धुरासाठी ओल्या सरपणाचाही संबंध लागतो. अशा न सांगितलेल्या, पण ज्यावर सगळे अवलंबून असते त्या अटीला उपाधी म्हणतात. फिश फाइंडरच्या अनुमानात अशा उपाधी दडलेल्या आहेत. माशाच्या मांसाची घनता पाण्याच्या घनतेजवळची असल्याने त्यावरून ध्वनी फारसा परतत नाही. बलवान प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातील वायूने भरलेल्या पिशवीवरून. शास्त्रीय मराठीत तिला वाताशय म्हणतात, आणि पालघरकडचे मच्छीमार घोळ माशाच्या पोटातून भारी किमतीने विकली जाणारी हीच पिशवी काढतात तेव्हा तिला भोत म्हणतात. मुशीला वाताशय नसतो, अटलांटिक मॅकरेललाही नसतो, म्हणून ते असूनही पडद्यावर फिके उमटतात. यंत्र मासे शोधते असे आपण म्हणतो, पण ते शोधते पाण्यातला वायू, आणि वायू असणे ही मासा असण्याची अटळ खूण नव्हे.

याचा पुरावा इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, पाणबुड्यांविषयी संशोधन करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात, पाण्याच्या पृष्ठभागापासून काहीशे मीटर खाली, रुंद पसरलेला असा एक थर सापडला की त्यावरून ध्वनी तळासारखा परतत होता. हा थर संध्याकाळी वर येई आणि पहाटे खाली जाई. समुद्राचा तळ रोज वर-खाली होत नाही, म्हणून 1945 मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी हे सजीवांचे रोजचे स्थलांतर आहे असे दाखवले, आणि पुढे कळले की त्यात वाताशय असलेले छोटे मासे आणि वायूची पिशवी बाळगणारे जेलीसारखे प्राणी मोठ्या संख्येने असतात. न्यायाच्या परिभाषेत हा हेत्वाभास, म्हणजे खऱ्या खुणेसारखी दिसणारी खोटी खूण. आणि तो उघडा पडला तो यंत्र सुधारल्याने नव्हे, तर खुणेचे वागणे तळाच्या स्वभावाशी विसंगत असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आल्याने.

फुरुनो बंधूंच्या प्रयोगाचे मूळ तर बुडबुड्यांतच आहे. त्यांपैकी कियोताका यांनी एका जाणत्या तांडेलाकडून ऐकले होते की पाण्यात जेथे बुडबुडे वर येतात तेथे खाली मासे असतात, आणि ध्वनी बुडबुड्यांवरून परततो हे त्यांना ठाऊक होते; या दोन गोष्टी जोडल्या गेल्यावर युद्धानंतर उरलेल्या लष्करी खोलीमापकाचा उपयोग मासे शोधण्यासाठी करण्याची कल्पना निघाली. ज्या बुडबुड्यांनी या विद्येला जन्म दिला तेच नावेच्या पिछाडीला तिचे सर्वांत मोठे शत्रू ठरतात, आणि येथून विवेचन पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळते.

ट्रान्सड्यूसर बहुधा नावेच्या मागच्या उभ्या सपाट पाटीवर, म्हणजे ट्रान्समवर, खालच्या कडेशी बसवला जातो. फायबरच्या नावेचा तळ गुळगुळीत असतो. ॲल्युमिनियमच्या पुष्कळ नावांना मात्र पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा असतात आणि बळकटीसाठी तळावर लांब उठावदार पट्ट्या दाबून काढलेल्या असतात. नाव वेगाने निघाली की त्यांच्यामागे पाणी ढवळते आणि त्यात हवा मिसळते. गार्मिन कंपनीच्या मार्गदर्शिकेत यामुळे दोन वेगळे आकडे दिलेले आढळतात: फायबरच्या नावेवर ट्रान्सड्यूसर तळाच्या खाली 3 मिलिमीटर असावा, ॲल्युमिनियमच्या नावेवर 10 मिलिमीटर. हा सात मिलिमीटरचा फरक म्हणजे रिव्हेटांमुळे हवा मिसळलेल्या थराला चुकवण्यासाठी दिलेली उतरण होय. पट्टीच्या किंवा पाणी शोषणाऱ्या तोंडाच्या थेट मागची जागा टाळायची, आणि पंख्यापासून दूर राहायचे. पुढे जाताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची पाती उजव्या बाजूला वरून खाली जातात, त्यामुळे त्या बाजूचे पाणी तुलनेने शांत राहते आणि जागा सहसा तेथेच निवडतात. ट्रान्सड्यूसर नावेच्या आत चिकटवून तळातूनच ध्वनी सोडण्याची सोय एकसंध फायबरमध्ये चालते, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी ती सुचवली जात नाही. तळाला आरपार भोक पाडून काशाचा ट्रान्सड्यूसर बसवणे तर घातकच, कारण काशासारखा धातू पाण्यात ॲल्युमिनियमला लागला की दोघांमध्ये विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. पाण्याच्या पातळीखाली पुन्हापुन्हा भोके पाडावी लागू नयेत म्हणून शहाणे मालक आधी ट्रान्समवर प्लास्टिकची जाड पाटी सीलंट भरून कायमची बसवतात, आणि ट्रान्सड्यूसर पुढे कितीदा सरकवावा लागला तरी स्क्रू त्या पाटीतच जातात.

या साऱ्याला तत्त्वज्ञानात काय स्थान, असे कोणी विचारील. पण प्रामाण्यवादाचा गाभा येथेच आहे. प्रामाण्यवाद म्हणजे ज्ञानाचा खरेपणा स्वतः येतो की परतः, म्हणजे दुसऱ्या कशातून, याविषयीचा वाद. त्यात दोन प्रश्न असतात आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळा गोंधळ होतो. पहिला उत्पत्तीचा: खरे ज्ञान कशामुळे खरे म्हणून जन्मते? दुसरा ज्ञप्तीचा: ते खरे आहे हे कशावरून कळते? सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात की ज्ञान निर्माण करणारी सामग्रीच त्याला खरेपण देते. दोष असतील तर ज्ञान खोटे होते, नसतील तर ते आपोआपच खरे, आणि निर्दोषपणा ही केवळ दोषाची अनुपस्थिती आहे, तो वेगळा गुण नव्हे. नैयायिक, विशेषतः उदयन आणि चौदाव्या शतकात ‘तत्त्वचिंतामणि’ लिहिणारे गंगेश, यांचे म्हणणे उलट आहे: सामग्रीने ज्ञान होते एवढेच, ते खरे होण्यासाठी सामग्रीत एखादा विशेष गुण लागतो, जसा खोटे होण्यासाठी दोष लागतो.

ट्रान्समवरच्या कामाने या वादात भर घालता येते. बुडबुड्यांपासून दूर ठेवण्याच्या सर्व तजविजी मीमांसकाच्या बाजूने बोलतात. दहा मिलिमीटरची उतरण, पंख्यापासूनचे अंतर, पट्टीमागची टाळलेली जागा या केवळ दोष हटवण्याच्या कृती आहेत. पाणी स्वच्छ मिळाले की ध्वनी आपल्या स्वभावाने जातो आणि येतो, त्याला कोणता गुण चिकटवावा लागत नाही. परंतु कोनाचा प्रश्न आला की हे उत्तर तोकडे पडते. ट्रान्सड्यूसर दहा अंशांनी तिरका बसला, तर दहा मीटर खोलीवर शंकूचा मध्य जवळजवळ पावणेदोन मीटर बाजूला पडतो; यंत्र बिनचूक चालते, प्रतिध्वनी स्वच्छ येतो, पाण्यात एकही बुडबुडा नसतो, आणि तरी नावेखाली मासा आहे हे ज्ञान खोटे असते. येथे दोष नावाची एखादी वस्तू शिरलेली नाही. खोक्यातून बाहेर काढलेल्या ट्रान्सड्यूसरला स्वतःचे असे ‘खाली’ नाही. खाली कोणत्या बाजूला हे त्याला बसवणाऱ्याकडून मिळते. नाव पाण्यावर स्वस्थ उभी असताना एका पातळीत राहते आणि वेगात तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलली जाते, म्हणून पातळी कोणत्या स्थितीत धरायची हेही माणसानेच ठरवायचे असते. तिरकेपणाला दोष म्हणण्याआधी सरळपणा काय ते ठरवावे लागते, आणि ते ठरवणे ही भावरूप, विधायक गोष्ट आहे. तेव्हा उत्पत्तीच्या प्रश्नात, निदान यंत्रजन्य ज्ञानापुरते, नैयायिकाचे पारडे जड आहे असाच निर्णय द्यावा लागतो.

ज्ञप्तीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे नैयायिक जे उत्तर देतात ते मासेमारीत नीट चालत नाही. ज्ञान खरे होते हे त्यावर आधारलेली कृती सफल झाल्यावरून कळते, असे ते म्हणतात. दूरवर पाणी दिसले, जाऊन प्यायलो, तहान भागली, म्हणजे दिसले ते पाणीच होते. पडद्यावर कमान दिसली, गळ टाकला, मासा लागला, म्हणजे यंत्र खरे बोलले, असे मग म्हणावे लागेल. पण मासा न लागणे हे यंत्र खोटे बोलल्याचे लक्षण नाही, कारण मासा असतो आणि आमिषाला तोंड लावत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. आणि मासा लागणे हेही यंत्र खरे बोलल्याचे लक्षण नाही. दिसलेली कमान बुडबुड्यांच्या थव्याची असू शकते, आणि तिच्याखाली योगायोगाने मासाही असू शकतो.

हा योगायोग जुन्यांनी ओळखला होता. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी रत्नाच्या प्रभेचे उदाहरण दिले आहे: दूरवरची प्रभा पाहून तिलाच रत्न समजून धावणाऱ्याला रत्न मिळते, दिव्याची प्रभा पाहून तसेच समजणाऱ्याला मिळत नाही; समज दोघांचीही चुकीची, फळ एकालाच. त्यांचे भाष्यकार धर्मोत्तर यांनी माशांच्या, म्हणजे घोंघावणाऱ्या किड्यांच्या, थव्याला धूर समजून अग्नीचे अनुमान करणाऱ्याचा विचार केला, जेथे अग्नी खरोखरच असतो. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात वाफेला धूर समजण्याच्या अशाच प्रसंगावरून नैयायिकांच्या यथार्थ ज्ञानाच्या व्याख्येला सुरुंग लावला. एडमंड गेटियर यांचा तीन पानांचा इंग्रजी लेख 1963 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हीच अडचण नवी म्हणून गाजली. खरे ठरलेली समजूत आणि ज्ञान यांत भेद आहे, आणि तो भेद समजूत कोणत्या मार्गाने आली यात आहे. बुडबुड्यांवर गळ टाकून मासा मिळवणाऱ्याला मासा मिळाला, ज्ञान मिळाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर विसंबून तो रिकाम्या पाण्यावर तासन् तास बसेल.

यामुळे परीक्षा माशावर करता येत नाही. ती मासा नसलेल्या गोष्टीवर करावी लागते. तळ ही अशी गोष्ट आहे. तळ पळत नाही, आमिष नाकारत नाही, आणि शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून त्याची खोली वेगळ्या मार्गाने मोजता येते. नाव हळू असताना, मग थोडी वेगात, मग पूर्ण वेगात नेऊन तळाची रेघ तुटते का हे पाहतात. एखाद्या वेगाला रेघ तुटली किंवा पडदा चांदण्यासारख्या ठिपक्यांनी भरला, तर ट्रान्सड्यूसर थोडा खाली घेऊन पुन्हा पाहतात. या परीक्षेवर मीमांसकाचा नेहमीचा आक्षेप येतोच: दोरीचे माप खरे हे कशावरून, आणि ते ज्यावरून ठरवाल ते खरे कशावरून? या न संपणाऱ्या मालिकेला अनवस्था म्हणतात. कुमारिलांचे उत्तर असे की कोणतेही ज्ञान बाधक, म्हणजे त्याला खोडणारे दुसरे ज्ञान, येईपर्यंत किंवा कारणातला दोष कळेपर्यंत खरेच धरायचे, आणि तीन-चार पावलांपलीकडे शंका नेण्याची गरज सहसा पडत नाही. उदयन वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणाजवळ येतात: माणसाच्या स्वतःच्या वागण्याशी विरोध येईल तेथे शंका थांबते. पाण्यात उतरलेल्या नावेवर प्रत्येक प्रतिध्वनीवर शंका घेणाऱ्याला एकही निर्णय करता येणार नाही. तेथे कुमारिलच खरे. मात्र त्यांनी सांगितलेला दुसरा बाधक, कारणदोषाचे ज्ञान, हा नाव काठावर असतानाच मिळवता येतो, आणि ज्याने रिव्हेटांची रांग कधी नीट पाहिलेलीच नाही त्याला पाण्यावर शंका घेण्याची योग्य वेळही कळणार नाही. ज्ञप्तीत मीमांसकांचा पक्ष टिकतो तो उत्पत्तीत नैयायिकांनी सांगितलेले काम कोणीतरी आधी करून ठेवलेले असते म्हणून.

2018 पासून बाजारात आलेली, क्षणोक्षणी हलते चित्र दाखवणारी लाइव्हस्कोपसारखी यंत्रे या विवेचनाला अपवाद नाहीत. त्यांत काळाचा अक्ष गळून पडतो आणि मासा पोहताना दिसल्यासारखा वाटतो, पण दिसते ती प्रतिध्वनींची जुळणीच, आणि तिचा कोन ट्रान्सड्यूसरच्या कोनावरच अवलंबून असतो. अधिक काळजी वाटावी अशी सोय साध्या यंत्रांतच आहे. फिश आयडी नावाच्या या सोयीत यंत्र स्वतःच अनुमान करून पडद्यावर कमानीऐवजी माशाचे चित्र उमटवते, लहान माशाला लहान आणि मोठ्याला मोठे. न्यायशास्त्राने दुसऱ्याला पटवण्याच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले, त्यांत हेतू, म्हणजे खूण, उघड सांगण्याची सक्ती केली, ती यासाठी की ऐकणाऱ्याला ती खूण तपासता यावी. फिश आयडी हेतू लपवते आणि फक्त निष्कर्ष दाखवते. बुडबुड्यांचा पुंजका, बुडालेल्या झाडाची फांदी आणि वॉलआय यांना ती एकाच चित्राने सांगते, आणि अनुमानाला प्रत्यक्षाचा वेश देते. हे यंत्रज्ञानाचे साधे सुलभीकरण आहे असे समजणे चुकीचे आहे, कारण त्यात चूक ओळखण्याची शक्तीच माणसाकडून काढून घेतली जाते.

मिनेसोटातील तलाव असो की आता फिश फाइंडर वापरू लागलेली कोकणातील यांत्रिक बोट असो, यंत्र घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही सोय बंद करावी, प्रतिध्वनी जसा येतो तसा पाहण्याची डोळ्याला सवय लावावी, आणि ट्रान्सड्यूसरचा शेवटचा स्क्रू आवळण्याआधी ओळखीच्या खोलीच्या पाण्यावरून नाव पूर्ण वेगाने एकदा नेऊन तळाची रेघ अखंड राहते याची खात्री करून घ्यावी.